खिडकीतली राजकन्या आणि माझी खाट

मी, खाली सही करणार, घरी भिंगरी आणि कामावर पाणीवाला म्हणून ओळखला जाणारा, धंदा परक्यांच्या ऑफिसांतली झाडं जगवणे, आज पोट भरलेलं असताना, अंगात ताप नसताना आणि मागे कोणी दटावायला उभं नसताना, माझ्या राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. याबद्दल घरच्यांचं मत वेगळं असेल, पण ते इथे हजर नाहीत. शाळेतलं नाव शाळेतच राहिलं, नंतर ते कोणी वापरलं नाही, तेव्हा मला याच नावाने ओळखावं.

लिहिण्याचं कारण असं, की उद्यापासून मला एका उंच इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर दोराला लटकून झाडं लावायची आहेत. मुकादमाने सांगितलं, वर जाणाऱ्या प्रत्येकाने आपलं काय कोणाला जाणार ते कागदावर लिहून द्यायचं, मागाहून भाऊबंद त्याच्या दारात भांडायला नकोत.

आमची कुंड्यांची गाडी चालवणारे ड्रायव्हरकाका आधी वकिलाकडे शिपाई होते. तिथे ऐकून ऐकून त्यांना कायद्याची भाषा तोंडपाठ झाली. या कागदातले शब्द त्यांचे आहेत, मतं माझी आहेत. ते म्हणाले, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, मनातलं नाही. मी म्हणालो, काका, माझी मालमत्ता चार ओळींत संपते आणि कागद केवढा मोठा आणलाय तुम्ही. माझ्यामागे या मृत्युपत्राची अंमलबजावणी काकांनीच करावी.

कलम १. बँकेत जे असेल ते आईचं. रक्कम थोडी आहे, जास्त लिहिलं तर आणखी थोडी वाटेल.

कलम २. आमच्या खोलीच्या दारामागे मातीने भरलेली एक कुंडी आहे. ती रिकामी दिसते, पण रिकामी नाही. तिच्यात कॅलॅडियमचा कंद झोपला आहे. त्याची पानं पतंगाच्या कागदासारखी पातळ आणि गुलाबी असतात, गारठा सुरू झाला की एकेक करून माना टाकतात आणि कुंडी ओस पडते. ऑफिसातले लोक मेलं म्हणून फेकतात. हा कंदही मी कचऱ्याच्या पिशवीतून उचलून आणलाय. तो ड्रायव्हरकाकांना द्यावा. उकाडा सुरू होईपर्यंत त्याला हलवू नये, पाणी घालू नये, माती अगदीच दगड झाली तर ओंजळभर शिंपडावं. हिरोने त्या कुंडीत सिगारेट विझवू नये. तो विझवतो. मी थोटकं बघितली आहेत.

कलम ३. हिरो म्हणजे माझ्या खोलीतला दुसरा पाणीवाला. नाव केसांमुळे पडलं. आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो, पण त्याला मोठ्या कंपनीची थंडगार काचेची लॉबी मिळाली आणि मला तळघर, जिने आणि आता ही भिंत. लॉबीत गुलाबी अ‍ॅग्लोनिमाच्या रांगा आहेत, पानं अशी की रंगाच्या डब्यात बुडवून काढली असावीत. लोक त्यांच्याजवळ उभे राहून फोटो काढतात आणि हिरोला विचारतात, एवढी तजेलदार कशी हो ठेवता. तो केस मागे सारून सांगतो, "प्रेम." खरी गोष्ट अशी की अ‍ॅग्लोनिमा कमी उजेडात तग धरतं, चार दिवस पाणी चुकलं तरी तक्रार करत नाही, त्याला मारायचं तर पाणी ओतून ओतून मुळंच कुजवावी लागतात. आणि तेही हिरोने जमवलं, तर आमची झाडांची कंपनी जुनी कुंडी उचलून रातोरात नवी ठेवते. याला प्रेम म्हणतात. माझ्या गमबुटांवर त्याचा डोळा आहे. काका म्हणतात, मृत्युपत्राला जो साक्षीदार असतो त्याला त्यातून काही मिळू शकत नाही. म्हणून हिरोला मी मुद्दाम साक्षीदार केलं आहे.

कलम ४. आता राजकन्या. खोलीच्या खिडकीत काथ्याच्या खांबावर चढवलेलं फिलोडेंड्रॉनचं झाड. नर्सरीवाले तिला पिंक प्रिन्सेस म्हणतात, मी राजकन्या म्हणतो. पान काळसर हिरवं, त्यावर गुलाबी रंगाचे फटकारे, एका पानासारखं दुसरं पान नाही.

हिच्याआधी मी एकदा फसलो होतो. कोपऱ्यावरच्या झाडवाल्याने मला पूर्ण गुलाबी पानांचं झाड दिलं, एक ठिपका हिरवा नाही. पहिल्या पगाराच्या आनंदात मी ते छातीशी धरून आणलं. थोड्याच महिन्यांत नवी पानं साधी हिरवी येऊ लागली आणि जुना रंगही उतरला. मागाहून कळलं, तो रंग त्या झाडाचा नव्हताच, वाढवतानाच औषध देऊन चढवलेला होता. त्या झाडवाल्याला मी माझ्यामागे ती रिकामी कुंडी ठेवून जातो. काकांनी ती त्याच्या दुकानासमोर ठेवावी आणि एक शब्द न बोलता परत यावं.

तेव्हापासून मी गुलाबी झाड घेताना पान बघत नाही, दांडा बघतो. दांड्यावर गुलाबी रेघ असेल तर रंग आतला आहे, पानांच्या बगलेतल्या प्रत्येक डोळ्यातून फुटेल. रेघ नसेल तर वरचं पान कितीही सुंदर असो, ते एकटंच. राजकन्येच्या दांड्यावर रेघ होती.

मागच्या सुट्टीला तिचा एक डोळ्याचा तुकडा ओल्या शेवाळात गुंडाळून, पाण्याच्या कापलेल्या बाटलीत घालून, सगळ्या प्रवासात मांडीवर धरून मी घरी नेला. तो आईसाठी होता. हे ठळक अक्षरांत वाचावं. आईसाठी. मी आईला सांगितलं, हिला पूर्वेची खिडकी हवी, उजेड भरपूर, पण ऊन अंगावर नको. परतीच्या गाडीतून फोन करून परत सांगितलं, ऊन लागू देऊ नका, गुलाबी भाग आधी करपतो. पोचल्यावर परत सांगितलं.

कलम ५. आमचं घर दोन खोल्यांचं. पूर्वेची खिडकी एकच, बाहेरच्या खोलीत, आणि त्या खिडकीखाली माझी खाट. ती खाट बाबांनी स्वतः रंधा मारून केली, माझ्या मापाची नाही, मी मोठा होईन तेव्हाच्या मापाची. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा गेले. मी त्या खाटेवर लहानाचा मोठा झालो आणि पाय बरोबर कडेला लागायला लागले त्या वर्षी कामासाठी घर सोडलं.

इकडे आल्यावर पहिल्या व्हिडिओ कॉलला बघतो तर खिडकीत कुंडी आणि खाली मोकळी फरशी. मी विचारलं, खाट कुठाय. दादा म्हणाला, मोडून माळ्यावर ठेवली, तूच म्हणालास ना खिडकी लागेल. माझ्या सांगण्यावरून मलाच घराबाहेर काढलं, आणि तेही मीच मांडीवर बसवून आणलेल्या झाडासाठी. पुढच्या कॉलला बघतो तर खिडकीवर पडदा, आणि पडदा कसला, माझी निळ्या चौकड्यांची चादर. अंगाचा तिळपापड झाला, पण गाडीत कुंड्या चढवायच्या होत्या म्हणून फोन ठेवला.

सबब लिहून ठेवतो की सदर खाट आणि सदर चादर माझ्या पश्चात वहिनी सोडून कोणालाही द्यावी. रस्त्यावरच्या माणसाला दिली तरी चालेल.

कलम ६. वहिनीला काही नाही.

काकांनी विचारलं, वहिनीने तुझं काय घोडं मारलंय. तर ऐका. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडे एक तुळतुळीत पान जगत नव्हतं. झाडांचं वेड माझं. आणि आता दर रविवारी कॉल लागला की आई म्हणते, "बघ रे, नवीन पान आलंय. हिच्या हाताला गुण आहे." वहिनी कुंडी दोन्ही हातांनी उचलून फोनसमोर धरते, पान एवढं मोठं, अर्ध्याहून जास्त गुलाबी, आणि हळूच म्हणते, भावजी, बरं आहे ना. मी म्हणतो बरं आहे. आत आग लागलेली असते.

एकदा मी बोललोच. "आई, झाड मी दिलंय."

"हो रे बाबा, तू दिलंस," आई म्हणाली, "वाढवलं तिने."

त्या दिवशी मी जेवलो नाही. माझी आई, माझी खिडकी, माझं झाड, आणि गुण दुसऱ्याच्या हाताला. दादा छापखान्यातून येतो तोही म्हणे आधी झाडाकडे बघतो आणि मग चहा मागतो. माझ्याबद्दल विचारतात ते एवढंच, जेवलास का.

आणि इथली राजकन्या? आमच्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या मोरीकडे उघडते, आणि उजेड कमी पडला की गुलाबी रंग उतरतो. तिच्या पानांवर गुलाबी कमी, हिरवं जास्त. वहिनीच्या झाडापुढे ती दिसली असती तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून मी दर रविवारी हिरोच्या लॉबीत जाऊन, त्याच्या अ‍ॅग्लोनिमांच्या रांगेसमोर उभा राहून घरी कॉल करायचो. आईला वाटायचं, सगळी माझीच. मी वाटू दिलं. शिवाय राजकन्येचे हिरवट फुटवे मी एकेक करून छाटून टाकले, म्हणजे नुसता गुलाबी शेंडा राहील आणि वहिनीच्या वरचढ होईल. सबब वहिनीला काही नाही.

इथवर लिहून झालं होतं. पुढचं वेगळ्या शाईत आहे कारण मधल्या वेळात पेन बदललं आणि बाकीही बरंच बदललं.

काका म्हणाले, घर कोणाच्या नावावर आहे ते विचारून घे, कागदात लागतं. मी आईला कॉल केला. वार रविवार नव्हता. वहिनी शाळेचे गणवेश शिवते, ते पोचवायला गेली होती आणि दादा कामावर. आईने एकटीने फोन घेतला. आईला फोन धरता येत नाही, तिचा निम्मा कान आणि वरचा पंखाच दिसतो. तशीच बोलत ती घरभर फिरली. घर तिच्याच नावावर आहे असं म्हणाली, आणि मग म्हणाली, थांब, तुला तुझं झाड दाखवते.

तुझं म्हणाली. मी ऐकलं.

फोन खिडकीच्या बाजूने गेला. झाड मागून दिसलं. सगळं हिरवं. खालपासून वरपर्यंत हिरवं, वरची चार पानं तर मेथीच्या पेंडीसारखी साधी.

"आई, हे कुठलं झाड?"

"तेच की. मागून हिरवंच आहे सगळं. पुढून एक पान आहे बघ गुलाबी, ते ती तुला दाखवते." मग आवाज एकदम बारीक झाला. "अगंबाई. तिने मला सांगितलं होतं, भावजींना पुढचीच बाजू दाखवायची. बोलू नकोस हं तिला."

म्हणजे दर रविवारी जे नवीन पान म्हणून मी जळत होतो ते एकच पान होतं. तेच ते, कुंडी थोडी थोडी फिरवून. आणि ते बघून मी इथे अ‍ॅग्लोनिमांसमोर उभा राहत होतो.

मी आईला म्हटलं, फोन दांड्याजवळ ने. तिने तो मातीजवळ नेला, मग छताकडे, मग एकदाचा दांड्याकडे. त्या शेवटच्या गुलाबी पानाच्या खाली दांड्यावर रेघ होती. केसासारखी बारीक, पण होती. त्याच्यावर नुसतं हिरवं.

मग मी विचारलं, उजेड एवढा कमी का आहे. आई म्हणाली, तूच ना सांगितलंस ऊन लागू देऊ नका. एकदा नाही, तीनदा. म्हणून तिने खिडकीला तुझी चादर लावली, घरात जाड तीच होती. दुपारी ऊन फिरलं की ती वर आणखी एक घडी टाचणीने लावते. आणि तिचं शिलाई मशीन कुठाय, मी विचारलं, कारण खाटेशेजारी, खिडकीच्या उजेडात तिचं मशीन असायचं. आई म्हणाली, झाडाला धक्का लागेल म्हणून आतल्या खोलीत नेलं, ट्यूबलाइटखाली. सुईत दोरा ओवायला मला बोलावते, आणि मला तरी कुठे दिसतंय.

फोन ठेवल्यावर मी मागची पानं परत वाचली. काकांनी विचारलं, झालं का. मी म्हणालो, काका, खोडता येतं का. ते म्हणाले, मृत्युपत्रात खाडाखोड केली की कोर्ट संशय घेतं. पुढचं कलम लिहून मागचं रद्द करायचं.

कलम ७. कलम ५ मधला खाट आणि चादर यांचा शेवटचा परिच्छेद रद्द. कलम ६ रद्द. त्यातला जळफळाट मात्र खरा आहे, तो रद्द करता येणार नाही. आईने आजही "हिच्या हाताला गुण" म्हटलं तर मला तसंच होईल.

कलम ८. माझा छाटणीचा चाकू, लाकडी मुठीचा, वहिनीला द्यावा. हिरो तो लोणी लावायला मागतो, त्याला कधी दिला नाही. वहिनी, तुम्ही शिवणकामाची कात्री रोज चालवता, तेव्हा तुमचा काप माझ्यापेक्षा सरळ येईल. पण चाकू येईपर्यंत थांबू नका, घरातली धारदार सुरी उकळत्या पाण्यातून काढा. शेवटचं गुलाबी पान जिथे दांड्याला जोडलंय तिथून बोटभर वर कापा. पानाच्या बगलेत फुगलेला डोळा आहे, त्याला धक्का लावू नका. गुलाबी फुटलं तर त्यातूनच फुटेल. वरचं सगळं हिरवं जाईल. वाईट वाटेल. तरी कापा. चीक अंगाला लागला तर खाज येते, हात धुवा.

चादर काढा. तिच्याजागी अस्तराचं पांढरं पातळ कापड लावा, तुमच्याकडे त्याचे तुकडे असतात. उजेड आत आला पाहिजे, फक्त उन्हाचा चटका नको. मी "ऊन नको" तीनदा सांगितलं आणि "उजेड हवा" एकदाच, ती चूक सांगणाऱ्याची आहे. मशीन खिडकीत परत आणा. झाडाला जेवढा उजेड लागतो तेवढाच सुईला लागतो.

कलम ९. कापलेला हिरवा शेंडा फेकू नये. पाण्यात ठेवला तर मुळं धरेल. तो दादाला द्यावा. साधं हिरवं झाड होईल, कधी भाव खाणार नाही, कधी मरणारही नाही. दादाला बरोबर शोभेल, आणि हे मी चांगल्या अर्थाने लिहितोय.

कलम १०. इथल्या राजकन्येतून कोणाला काही मिळणार नाही, कारण देण्यासारखं उरलं नाही. हिरवे फुटवे छाटल्यावर तीन पानं राहिली, पूर्ण गुलाबी. ज्या पानात हिरवं नाही त्याला स्वतःचं पोट भरता येत नाही, बाकीची पानं त्याला पोसतात. पोसणारी पानं मी कापली. आता तिन्ही पानांच्या कडा तपकिरी झाल्यात आणि एक गळायला आलं आहे. तिचं बी नाही, दुसरी फांदी नाही. ती उरली असेल तर वहिनींच्या कुंडीतल्या त्या एका डोळ्यात. म्हणजे ज्यांच्यावर मात करायला मी इकडची घालवली, त्यांच्याच हाती आता ती आहे. हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाही.

कलम ११. हे मृत्युपत्र मी जिवंत असतानाच वाचावं.

काका म्हणाले, अरे, असं कलम कोणी ऐकलेलं नाही. मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, त्याआधी तो नुसता कागद. मी म्हणालो, काका, पुढचं पान काढायला घरची राजकन्या माझ्या मरणाची वाट बघणार आहे का. शेंडा जेवढा हिरवा वाढत जाईल तेवढा तो खालचा डोळा दबत जाईल, मग कापूनही काही फुटणार नाही. काकांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, लिही, वकीलसाहेब काही बघायला येत नाहीत.

म्हणून सही झाल्यावर याच्या सगळ्या पानांचा फोटो काढून मी वहिनींना पाठवत आहे. वहिनी, आईला बोलू नका, तिने मुद्दाम नाही सांगितलं. आणि कुंडी फिरवून दाखवायची गरज नाही. मीही यापुढे लॉबीतून कॉल करणार नाही. रविवारी जी बाजू असेल ती दाखवा.

कलम १२. मी भिंतीवरून पडलो तर खाट वहिनींना द्यावी. मशीनवर बसून पाठ आखडली की टेकायला होईल. लाकूड चांगलं आहे, बाबांचं काम आहे.

मी पडलो नाही तर मात्र खाट माझी. ती खिडकीखालीच लावा असं म्हणणार नाही, तिथे आता मशीन आणि झाड आहे. पण माळ्यावरून खाली काढा, पाय बसवा आणि जिथे जागा असेल तिथे मांडून ठेवा. ती चादर धुऊन तिच्यावर घाला. मी कधी येईन ते मला माहीत नाही. फक्त आलो तर पिशवी खांद्यावर घेऊन दारात उभं राहून, मी कुठे झोपू, असं मला कोणाला विचारावं लागू नये.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, काकांनी मला वाचून दाखवलं, आणि ते बरोबर आहे.

सही: भिंगरी

साक्षीदार पहिला: हिरो. याला यातून काहीही मिळणार नाही हे नीट समजावून सांगितलं. त्याने एकदा गमबुटांकडे बघितलं, तरी सही केली.

साक्षीदार दुसरा: आमच्या इमारतीचा वॉचमन. याने मजकूर वाचला नाही. फक्त विचारलं, झाड जगेल का.

ठिकाण: पाणीवाल्यांची खोली, मोरीकडच्या खिडकीजवळ.

तारीख: भिंतीवर चढण्याचा आदला दिवस.